सूचीखालचा ओढा

ज्या माणसाला मी सलग तीन महिने मनातल्या मनात शिव्या घालत होतो, ते माणूस दर रविवारी सकाळी साडेनऊला माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत होतं, हे मला फार उशिरा कळलं. आनंदी रिसबूड या बाईंशी माझी खरी ओळख तिथून सुरू झाली. त्याआधी त्या माझ्या लेखी आमच्या गटातल्या एक ज्येष्ठ नागरिक होत्या. म्हणजे माऊस कसा धरायचा इथपासून ज्यांना शिकवायचं, तोंडाने ‘सावकाश, काकू’ म्हणायचं आणि आतून चडफडायचं, अशा.

गट म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. मी केदार. एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेतो आणि उरलेला वेळ एका खुल्या नकाशाला देतो. हा नकाशा कोणाच्या मालकीचा नाही. कोणीही उठावं, आपल्या भागातली गल्ली, विहीर, बसथांबा त्यात घालावा, आणि चुकलं असेल तर दुसऱ्या कोणीही येऊन दुरुस्त करावं. कोथरूडच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सात-आठ जण रविवारी जमून हे करतो. वाचनालयवाले खोली फुकट देतात, पण सव्वाबाराला स्वतः येऊन पंखा बंद करतात. त्यावरून काय समजायचं ते आम्ही समजतो.

गेल्या वर्षी जानेवारीत एका सरकारी खात्याने जिल्ह्यातल्या पाण्याची सगळी माहिती लोकांसाठी खुली केली. नद्या, ओढे, नाले, पाझर तलाव, विहिरी. पूर्वी कापडावर शाईने काढलेले नकाशे पुढे कोणीतरी संगणकात उतरवून घेतले होते, त्यांची ती भलीमोठी फाईल. आमच्या नकाशात शहराबाहेर पाण्याच्या नावाने खडखडाट होता, त्यामुळे आम्हाला लॉटरी लागल्यासारखं झालं. पण अशी माहिती बादलीने ओततात तशी ओतता येत नाही. दुसऱ्या एका शहरातल्या उत्साही मंडळींनी ती तशी ओतली आणि त्यांच्याकडे प्रत्येक नदीशेजारून तीच नदी पुन्हा वाहायला लागली. म्हणून आम्ही जिल्ह्याचे दोनशे चौदा चौकोन पाडले आणि वाटून घेतले. एकेक रेघ उपग्रहाच्या चित्रावर ठेवून बघायची, ती पाण्याच्या वाहण्याच्या दिशेनेच काढलेली आहे ना हे तपासायचं, आणि आधी कोणी गावकऱ्याने हाताने काढलेला ओढा असेल तर त्याच्यावर सरकारी रेघ चढवायची नाही. सगळ्यात वरचा नियम एकच, जो या नकाशाचा पायाच आहे: जमिनीवर असेल तेच काढायचं.

काम सुरू झालं आणि माझं डोकं फिरलं. बऱ्याच चौकोनांत लहान ओढा मोठ्या ओढ्याला मिळतच नव्हता. अगदी जवळ यायचा आणि आठ-दहा मीटर आधी थांबायचा. डोळ्यांना ते जाणवतही नाही, पण संगणकाच्या मते तो ओढा शेतात येऊन संपला. अशा अकराशे सत्तर जागा निघाल्या. त्या जोडण्याचा प्रोग्रॅम लिहिण्यात माझे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणालो, “कोण गाढव होतं हे काढणारं?”

रिसबूडकाकूंनी कप बशीत ठेवला. “मी होते,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या माझी फिरकी घेतायत. सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईंकडून ते सहज शक्य होतं. पण त्यांनी माझ्या पडद्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, की हे पत्रक, म्हणजे नकाशाचा हा कागद, त्यांचं आहे, हेही त्यांचं, आणि ते पलीकडचं त्यांच्या नंतर आलेल्या एका मुलाचं, कारण त्याची वळणं टोकदार असत.

“ट्रेसिंगच्या कापडावर दोन ओल्या रेघा भेटल्या की शाई पसरते,” त्या म्हणाल्या. “ठिपका पडतो. ठिपका पडला की ब्लेडने खरवडा, पुन्हा पावडर घासा, पुन्हा काढा. आमचे साहेब भिंग घेऊन ठिपके शोधायचे. म्हणून मी टोक केसभर आधीच उचलत असे. बघणाऱ्याला कळतं, की ओढा ओढ्याला मिळाला. तुझ्या यंत्राला कळत नाही, त्याला मी काय करू?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण त्याच दिवसापासून मी त्यांच्याकडे नीट बघायला लागलो, हेही खरं.

काकू अठ्ठ्याहत्तर साली, बाविसाव्या वर्षी त्या खात्यात ट्रेसर म्हणून लागल्या. मोजणीवाल्यांनी पेन्सिलीने केलेला कच्चा नकाशा खाली, वर कापड, आणि त्यावरून शाईने पक्का नकाशा उतरवायचा, हे काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं. तळहाताचा घाम लागू नये म्हणून हाताखाली टिपकागद असे. त्यांनी लग्न केलं नाही. धाकट्या दोन भावांची केली. निवृत्त झाल्यावर पौड रोडच्या मागच्या एका सोसायटीत दोन खोल्या घेतल्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या नकाशागटाचं निमंत्रण वाचून एका रविवारी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि अंगावर इस्त्रीची सुती साडी अशा, दारात येऊन उभ्या राहिल्या. अजूनही संगणकाला हात लावण्याआधी त्या साबणाने हात धुऊन कोरडे करून येतात. त्यावरून मी त्यांना फार चिडवलंय.

“हजारो मैल ओढे काढले मी,” त्या एकदा म्हणाल्या, “आणि त्यातला एकही पाहिला नाही. लोक उंटावरून शेळ्या हाकतात. मी उंटावरसुद्धा नव्हते रे. स्टुलावर होते.”

एप्रिलच्या शेवटी एकशे त्रेसष्ट नंबरचा चौकोन काकूंच्या वाट्याला आला. हडपसरच्या पुढे जांभुळमळा नावाचं गाव आहे. आता ते शहरात आलंय, म्हणजे शेतं गेली आणि पत्ता बदलला. त्या गावातून जाणारा एक ओढा सरकारी फाईलमध्ये मधेच संपत होता आणि सव्वाचारशे मीटर पुढे पुन्हा सुरू होत होता. उपग्रहाच्या चित्रात त्या मधल्या जागेवर पत्र्यांची छपरं दिसत होती. मी म्हटलं, आटला असेल, बुजवला असेल, सोडून द्या. काकूंनी मला त्या भागाचा पत्रक क्रमांक विचारला. मी वाचून दाखवला. मग त्या पंखा बंद व्हायच्या आधीच उठून घरी गेल्या. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी वाचनालयाच्या पावतीच्या पाठीवर एक आयत काढला आणि त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट.

“ही खुणांची सूची,” त्या म्हणाल्या. “विहीर कशी दाखवलीय, ओढा कसा, बांध कसा, हे सांगणारी चौकट. ती कायम उजवीकडे खाली. एरवी तिथे कोरी जागा असते. या पत्रकात नव्हती, नकाशा अगदी कडेपर्यंत होता. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तिथे काय आहे, दोन-चार शेतं, ठेवा तिथेच. मी ठेवली. ओढा चौकटीच्या एका बाजूला थांबवला, दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू केला.”

“मग?”

“मग काय? कापडावर चौकट दिसत होती, तोवर कोणालाही कळायचं की खालून ओढा जातोय. पण ज्यांनी संगणकात उतरवलं त्यांनी फक्त पाण्याच्या रेघा उचलल्या. चौकट उचलली नाही. आता दिसतंय काय, तर तिथे ओढा नाही.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “मला तेव्हा वाटलं होतं, चौकटीत टिंबटिंब रेघ तरी द्यावी. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. डबा खाऊन आले तर साहेबांनी दुसरं पत्रक टेबलावर ठेवलं होतं.”

मी नेहमीच्या घाईने म्हणालो, की मग सोपं आहे, दोन टोकं सरळ रेघेने जोडून टाकू.

“ओढा कधी सरळ जातो का?” काकू म्हणाल्या. “आणि पेन्सिलीचा कच्चा नकाशा तर केव्हाच रद्दीत गेला. आपण तिथे जायचं.”

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कोथरूडहून बसने हडपसरच्या गाडीतळावर आणि तिथून सहा आसनी रिक्षाने जांभुळमळ्याला गेलो. ओढ्याचं वरचं टोक सापडायला वेळ लागला नाही. बाभळींमधून आलेलं कोरडं पात्र एका सिमेंटच्या भिंतीला येऊन धडकत होतं. भिंतीच्या बुडाशी दोन पाइप होते, त्यातला एक कचऱ्याने बुजलेला. भिंतीच्या पलीकडे भाड्याच्या चौदा खोल्या दोन रांगांत उभ्या होत्या. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, गॅसची टाकी घेऊन एक जण चालला होता, कोणीतरी कांदा परतत होतं.

खोल्यांचे मालक आप्पासाहेब हरपळे त्यांच्या घराच्या ओट्यावर बसले होते. पंचाहत्तरीचे, ताठ, पांढरी टोपी. गावाकडची रीत म्हणून आधी पाणी आलं, मग चहा आला. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाईंनी काकूंना खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यात बसल्या. काकूंनी ओढ्याचं नाव काढेपर्यंत सगळं ठीक होतं.

“हितं वढा न्हाई,” आप्पासाहेब म्हणाले.

“भिंतीपर्यंत आलेला दिसतो, म्हणून विचारलं.”

“तितवरच हाय. हितं न्हाई. कवाच नव्हता.” ते आत गेले आणि प्लॅस्टिकमध्ये घालून पक्का केलेला एक नकाशा घेऊन आले. “आमी काय आडानी न्हाई, ताई. खोल्या बांधायच्या आधी इंजिनेर लावला व्हता. हा सरकारी नकाशा. बगा, कुटं दिसतोय का वढा?”

काकूंनी तो मांडीवर घेतला. त्यांचीच निळी रेघ भिंतीपाशी थांबत होती आणि खोल्यांपलीकडच्या दूध डेअरीच्या मागे पुन्हा सुरू होत होती. मधली जागा स्वच्छ पांढरी होती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि नकाशा परत दिला.

आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा प्रेमलाबाई कढीपत्त्याची जुडी घेऊन मागून आल्या. कढीपत्ता द्यायचं निमित्त होतं. त्यांनी घराकडे एकदा वळून पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं.

“त्यांचं मनावर घिऊ नगा, ताई. दोन सालं झाली. ऋतुजा म्हनून नात व्हती आमची. चौथीत. भाडेकऱ्याच्या पोरीसंगं सा नंबरात खेळत व्हती. दसऱ्याच्या आदला पाऊस, सांजच्याला धरला आन घटकाभरात मागची भीत आत आली. ती पोर वाचली, तिला पंख्याला धरून ठिवली बापानं. आमची गावली न्हाई. डेअरीमागं गावली.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “तवापासनं त्यो नकाशा घिऊन बसत्यात. म्हनत्यात, सरकारनं सांगितलं वढा न्हाई, मग ही देवाची करनी. त्यात माजा काय दोस. त्येच धरून जगत्यात बगा.”

“आणि खोल्या?” काकूंनी विचारलं.

“भरल्यात की. भीत नवी बांदली. सा नंबर तेवडी कुलपात हाय.”

परतीच्या बसमध्ये काकू मगरपट्ट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मीच बोलत होतो. मी त्यांना म्हटलं, काकू, इथे हात घालू नका. आपल्या नकाशाचा नियमही आपल्या बाजूने आहे. जमिनीवर ओढा दिसत नाही, म्हणून काढला नाही. म्हाताऱ्याच्या जिवाला तेवढाच आधार आहे, तो कशाला काढून घ्यायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची.

“झाकली मूठ माझी आहे,” काकू म्हणाल्या. “आणि पाच आठवड्यांत पाऊस येतोय. तेरा खोल्यांत माणसं आहेत, केदार. आप्पासाहेब जोवर ओढा नाही म्हणतायत, तोवर ते त्या खोल्या भाड्याने देणार. आपली एक रेघ पाणी अडवणार नाही हे मला कळतं. पण तो ओढा कुठून जात होता हे सांगणारं आता एकच माणूस उरलंय, आणि ते माणूस माझाच नकाशा धरून बसलंय.”

मला त्यांचं पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. संगणकासमोर बसून चुका काढणं वेगळं. इथे ज्याची चूक होती त्याच्या घरी जाऊन चहा प्यायचा होता, आणि चूक कोणाची हे मला ठरवता येत नव्हतं. पुढच्या रविवारी मी कामाचं निमित्त सांगणार होतो. सकाळी सातला काकूंचा फोन आला. “मी बसथांब्यावर आहे,” एवढंच म्हणून त्यांनी ठेवून दिला. मी गेलो.

आप्पासाहेब ओट्यावरच होते. या वेळी काकू खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्या राहून म्हणाल्या, “आप्पासाहेब, तो नकाशा मी काढलाय.”

त्यांना आधी कळलं नाही. मग काकूंनी सगळं सांगितलं. साल, पत्रक, साहेब, सूचीची चौकट. जेवणाची सुट्टीसुद्धा सांगितली. “ओढा नाही असं त्या नकाशात कुठेही म्हटलेलं नाही. तो झाकलाय. आणि तो मी झाकला. मला माहीत होतं की खाली ओढा आहे. ऋतुजाचं मला त्या दिवशी कळलं. मी दुसरं काही सांगायला आले नाही.”

आप्पासाहेबांनी नकाशा मागवला. प्रेमलाबाईंनी आणून दिला. तो त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

“कुटं हाय चौकट?”

“आता दिसत नाही. उतरवून घेताना गेली.”

“म्हंजी तुमी तवा वढा काडला आसता, तर माजी पोर ऱ्हायली आसती?”

मी खाली बघितलं. काकूंचा आवाज बारीक झाला होता, पण त्या बोलल्या. “मला माहीत नाही. आठ दिवस मला दुसरं काही सुचत नाही, आप्पासाहेब. त्या दिवशी दोन मिनिटं उशिरा डबा उघडला असता तर, असंच मनात येतं.”

त्या रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. आप्पासाहेबांनी मात्र नकाशा उलटा करून ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी गुडघे धरून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

“न्हाई, ताई,” ते म्हणाले. “तुमी खरं बोलला, मग म्या तरी लबाड कशापायी बोलू. त्या वढ्याला डोह व्हता. त्या डोहात म्या पवायला शिकलो. म्हशी धुतल्या. थोरल्याचं जावळ काडलं त्ये त्याच पान्यात सोडलं. मला कशाला पायजे व्हता नकाशा, वढा हाय का न्हाई ते सांगायला? इंजिनेर म्हनला, आप्पा, कागदावर वढाच न्हाई, हानला मुरूम तर चालंल. तवा म्या पेढं वाटलं गावात.”

उंबऱ्यात बसलेल्या प्रेमलाबाईंनी तोंडात पदर कोंबला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. काकू पुढे झाल्या आणि आप्पासाहेबांच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून, ओट्यावर बसल्या. दोघं तशीच बसून राहिली, शेजारी-शेजारी, समोर बघत.

मग आप्पासाहेबच उठले. “चला. दावतो.”

मी काकूंच्या फोनवर चाललेल्या वाटेची नोंद सुरू करून दिली. भिंतीपासून ते निघाले आणि इतक्या झपाझप चालायला लागले, की आम्हाला मागे पळावं लागलं. पायाखाली सिमेंट होतं, मोऱ्या होत्या, उभ्या केलेल्या मोटारसायकली होत्या, पण त्या माणसाच्या पायांना ते काहीच लागत नव्हतं. इथं करंजाचं झाड व्हतं, असं म्हणून ते एका पाण्याच्या टाकीला वळसा घालायचे. इथनं वढा डावीकडं घ्यायचा. इथं काठ उंच व्हता, बाया धुनं धुवायच्या. भाडेकरू दारात येऊन बघत होते. एकाने विचारलं, “मालक, काय शोधताय?” आप्पासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “तुज्या घराखालचं पानी.”

चौथ्या खोलीच्या कोपऱ्यातून रेघ तिरकी झाली, पाचवीच्या मोरीवरून गेली आणि सहाव्या खोलीच्या दाराशी आली. दाराला कुलूप होतं. आप्पासाहेब थांबले.

“डोह हितं व्हता,” ते म्हणाले. “हितनं म्होरं तुमी जावा. मला जमायचं न्हाई.”

प्रेमलाबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. काकू फोन हातात धरून एकट्याच आत गेल्या. आम्ही तिघं बाहेर उभे राहिलो. आत काय होतं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मागच्या दाराची कडी वाजायला बराच वेळ लागला. मग त्या पलीकडून डेअरीच्या मागे चालत जाताना दिसल्या.

घरी येऊन मी ती वाट संगणकावर उघडली. चालणारं माणूस एका जागी उभं राहिलं, की फोनला ते कळत नाही. तो आजूबाजूला ठिपके टाकत राहतो आणि एक गुंता तयार होतो. सहाव्या खोलीत असा अकरा मिनिटांचा गुंता होता. रेघ काढताना तो पुसावाच लागतो, कारण पाणी तिथे थांबलं नव्हतं. मी पुसला. काकू शेजारी बसून बघत होत्या. माहितीचा स्रोत या रकान्यात बाकी सगळीकडे आम्ही सरकारी खात्याचं नाव लिहिलंय. इथे काकूंनी स्वतः टंकून ‘आप्पासाहेब हरपळे, जांभुळमळा, प्रत्यक्ष चालून’ असं लिहिलं आणि ओढा झाकलेला आहे अशी खूण केली.

सरकारी फाईलमध्ये तो ओढा आजही नाही. आम्ही खात्याला पत्र लिहिलं, त्याची पोच मिळाली. आप्पासाहेबांनी मात्र कोणाच्या पत्राची वाट पाहिली नाही. मृग लागायच्या आत रेघेवरच्या सात खोल्या त्यांनी रिकाम्या केल्या, भाडेकऱ्यांना गावात दुसरीकडे जागा बघून दिली आणि जेसीबी लावून त्या खोल्या भिंतीसकट पाडल्या. पहिल्यांदा सहावी खोली पाडा, असं त्यांनी सांगितलं आणि स्वतः शेवटपर्यंत तिथे उभे राहिले, असं प्रेमलाबाईंनी फोनवर सांगितलं. ऑगस्टमध्ये एकदा पाणी कमरेएवढं गेलं. मोकळ्या जागेतून गेलं.

एवढ्यावर हे संपलं असतं तर बरं झालं असतं, पण रिसबूडकाकू म्हणजे रिसबूडकाकू. सूची नकाशावरच ठेवावी लागली अशी आणखी पत्रकं किती, हे त्यांनी आठवून आठवून एका वहीत लिहून काढलं. एकोणीस निघाली. त्यातल्या प्रत्येक चौकटीखाली काय होतं हे बघायला त्या आता दर पंधरवड्याला जातात. काही ठिकाणी खडकाळ माळ निघतो आणि त्या खुशीत परत येतात. काही ठिकाणी ओढा निघतो, त्यावर घरं निघतात, आणि म्हातारी माणसं आपल्याला काही आठवत नाही म्हणतात.

हे मी एकदा आप्पासाहेबांना फोनवर बोललो. ते म्हणाले, “ताई यकल्याच फिरत्यात व्हय?” पुढच्या खेपेला ते गाडीतळावर आमच्याआधी येऊन उभे होते, धोतर, टोपी, काखेत छत्री.

परवाच्या रविवारी आम्ही तिघं शहराच्या दक्षिण कडेच्या एका गावात गेलो. वहीतली सहावी चौकट. किराणा दुकानासमोरच्या कट्ट्यावर बाबुराव नावाचे एक गृहस्थ बसले होते. गावातले सगळ्यात जुने जाणते तेच, असं दुकानदाराने सांगितलं. मागे नव्याकोऱ्या घरांची रांग होती, भिंतींचा रंगही वाळला नव्हता, आणि दोन पोरी अंगणात विटेच्या तुकड्याने घरं आखून ठिकरी खेळत होत्या. काकूंनी ओढ्याचं विचारलं. बाबुराव हसले.

“आमच्या शिवारात आसलं कायबी नव्हतं, बाई. कुनी सांगितलं तुमाला?”

काकूंनी वही उघडली. त्या बोलणार तोच आप्पासाहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. ते कट्ट्यावर बाबुरावांच्या शेजारी जाऊन बसले, छत्री बाजूला ठेवली, टोपी काढून मांडीवर घेतली.

“बाबुराव,” ते म्हणाले, “मला यक नात व्हती.”